चंद्रीचं जीवनसत्त्व

आता हसणारच असाल तर आधी हसून घ्या बायांनो, म्हणजे मला मध्येच थांबायला नको. माझी फजिती झाली ती एका शब्दापायी, आणि तो शब्द मुंबईहून टपालाने आला.

लग्नाला तीन महिने झाले होते. हे मुंबईला नोकरीवर, मी कोकणात मांडवीला सासरी. मी बोलायची कमी. इतकी कमी, की लग्नानंतरच्या पंधरा दिवसांत यांच्याशी एकूण चार वाक्यं झाली असतील, त्यातली दोन नुसती 'हो'. घरात सासूबाई, नुकतेच विषमज्वरातून उठलेले मामंजी, आणि चंद्री नावाची शेळी. वैद्यांनी मामंजींना शेळीचंच दूध सांगितलेलं. म्हणजे घरात मान कोणाचा, हे आलं ना लक्षात?

मामंजींची नजर अधू, सासूबाईंना अक्षरओळख नाही. पत्रं मोठ्याने वाचायची ती मीच. यांच्या पत्राच्या शेवटी होतं, "शेळीची काळजी घ्यावी. फार गरीब आहे, मागून काही खायची नाही. तिला नुसत्या भातावर ठेवू नये. खाण्यात जीवनसत्त्वे असावीत, असे येथील डॉक्टर म्हणतात."

गरीब? परवाच तिने सासूबाईंचा पदर चावून खाल्ला होता!

"जीवन काय गो?" सासूबाईंनी विचारलं.

"सत्त्व," मी म्हटलं. चौथी पास होते ना! "आपलं नाचणीचं सत्त्व. अशक्त माणसाला देतात ते."

झालं. नाचणी भिजवली, वाटली, गाळली, निवळली. हात भरून आले. रोज वाडगाभर घट्ट सत्त्व, आणि मुंबईचे डॉक्टर कमी पडू नयेत म्हणून वर माझ्या पदरचे तांदूळ-कुळीथ भरडून. एवढं अन्न असताना फणसाचा पाला कशाला चघळायचा? तो बंद! चंद्री वाडगा चाटूनपुसून माझ्याकडे अशी बघायची, की सासरी आपलं कोणीतरी आहे असं वाटायचं.

चौथ्या दिवशी तिची डावी कूस ढोलासारखी फुगली. रवंथ बंद, दूध बंद, नुसती दात खात उभी. मामंजी कोऱ्या पेजेचा वाडगा हातात धरून गोठ्याकडे तोंड करून बसले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

शेजारच्या वाडीतल्या धोंडूला बोलावलं. त्याचा जन्म शेळ्यांमागे गेलेला. त्याने कूस दाबली, तोंडाचा वास घेतला.

"वैनी, काय खायाला घातलंत हिला?"

"जीवनसत्त्व."

"म्हंजी?"

"नाचणीचं सत्त्व. वर भरडा."

"अवो, ही शेळी हाय का बाळंतीण? धान आंबलंय पोटात! पाला बंद केलात, आता रवंथ कशाचा करायची, खळीचा?"

मी जमिनीकडे बघत राहिले. जमीन काही दुभंगली नाही.

त्याने पाण्यातून खायचा सोडा पाजला, कूस चोळली, तिला अंगणात फिरवली. पुढे मी फिरवली. दोन दिवस ती आणि मी, घाण्याच्या बैलासारख्या. दगडी गडग्यापलीकडून येणारी-जाणारी विचारत, "काय गो नवरी, वरात कोणाची?" शेवटी वाळलं गवत आणि फणसाचा पाला यांवर चंद्री सावरली, आणि मामंजींच्या वाडग्यात दूध आलं.

"लिहायला-वाचायला येतं म्हणून तुझं ऐकलं हो," सासूबाई एवढंच म्हणाल्या. पुरे झालं की!

शिमग्याला हे बोटीने आले. मागील दारी मला एकटीला गाठून हळूच विचारलं, "काय गो, जीवनसत्त्वं घेत्येस ना?"

"मी? मी कशाला? शेळीला घातलं की! मरता मरता वाचली."

"कुठल्या शेळीला?"

"म्हणजे? आपल्या चंद्रीला!"

यांनी कपाळावर हात मारला. "अगो, जीवनसत्त्वं पाल्यात असतात, भाजीत, लिंबात. चंद्री ती रोजच खात होती! पत्र तू मोठ्याने वाचणार, बाबा ऐकणार, मग तुझं नाव कसं घालू? गरीब, मागून खायची नाही, तोंडातून शब्द नाही... शेळी म्हणजे तू गो!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. आयुष्यातलं पहिलंवहिलं प्रेमपत्र आलं, तेही मी सासऱ्यांना ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं आणि शेळीला खाऊ घातलं!