नियम मैदानापुरता

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात, हॉकीच्या मैदानावर दर शनिवारी भेटणाऱ्या त्या बाईंना सगळंच 'ग्रँड', म्हणजे झकास वाटतं. पाऊस ग्रँड, हरलेली मॅचही ग्रँड. हातात कायम किटली, कारण मॅचनंतर सगळ्या मुलींना चहा-सँडविच द्यायची इथली रीत त्याच सांभाळतात.

आम्ही पोर्टलीश गावाहून इथे आलो, त्याच वर्षी नियम बदलला. शाळा बदललेल्या मुलीला आता वर्षभर नव्या शाळेकडून खेळता येत नाही. कॉलेजवाले तर शाळेच्याच मॅच बघून टीमसाठी मुली हेरतात. मी नववीत शाळा सोडलेली. नियम म्हटलं की मला धडकीच भरते. पहिल्याच शनिवारी चहाच्या वेळी मी माझ्या लेकीला, सईला घेऊन गाडीकडे निघाले. खेळली नाही, मग चहा कसला?

बाई किटलीसकट मागे धावत आल्या. "अगं, हिला कुठे पळवतेस? नियम मैदानापुरता आहे, चहाला नाही!" मग सईला म्हणाल्या, "आमच्या क्लबला शाळेचा नियम लागत नाही. उद्या आमच्या बायकांच्या टीममधून खेळ. आम्ही सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, पळणारं कुणीतरी हवंच."

"पण कॉलेजवाले?" मी घाबरत विचारलं.

"त्यांना मी चहाला बोलावते ना!"

गेल्या रविवारी कॉलेजच्या कोचबाई खरंच आल्या, सईचं नाव विचारून गेल्या. त्या दिवशी सँडविचं मी केली होती, तिखट हिरवी चटणी लावलेली. किटलीवाल्या बाईंनी एक खाल्लं. डोळ्यांत टचकन पाणी आलं, नाक लाल झालं, आणि त्या म्हणाल्या, "ग्रँड!"