कोपरा फाटलेलं कार्ड

बायकोचं तेरावं झालं आणि चार दिवसांनी हवाईदलातल्या माझ्या जुन्या स्क्वाड्रनचं इंग्रजी पत्र आलं. इतिहासाचं पुस्तक काढायचंय, जुन्या लोकांनी लिहून पाठवावं म्हणे. मी चौथी पास. विमानं किती पाडली ते मला विचारू नका. मी विमानात कधी बसलोच नाही. मी शिंपी.

तळोद्याहून लढाईच्या भरतीत गेलो. तेव्हा आमची विमानं कापडी होती. पंखाला भोक पडलं की मेणाच्या दोऱ्यानं ठिगळ शिवायचं, वरून उग्र वासाचं रोगण फासायचं. पुढं ब्रह्मदेशाच्या हद्दीवर नवी विमानं आली, त्यांचे पंख पत्र्याचे. सुईचं काम सरलं. मग मला पॅराशूटच्या खोपटात घातलं.

तिथं लांबलचक टेबल. त्यावर रेशीम पसरायचं, घडीवर घडी घालायची, दोऱ्या एका लोखंडी आकडीनं ओढून बसवायच्या. शेवटी आकडी जागेवर आहे का बघायचं आणि मगच सही करायची. आकडी आत राहिली तर छत्री अडकते, माणूस दगडासारखा खाली येतो.

एका दुपारी आकडी हातात असतानाच टपाल आलं. घरचं कार्ड. त्याचा कोपरा फाटलेला.

आमच्याकडं कोपरा फाडून फक्त मयताचं कार्ड धाडतात. ते वाचावं लागत नाही, घरातही आणत नाहीत. अक्षर गुजराती, आमच्या गल्लीतल्या गुजराती दुकानदाराचं. मला ते येतही नव्हतं. माझे आईबाप आधीच गेलेले. घरी बायको एकटी. म्हणजे तीच गेली.

कार्ड बाहेर छपराच्या गवतात खोचलं. आत आलो, घडी पुरी केली, सही केली. रडू आलं नाही. जेवलो. डाळीत मीठ नव्हतं एवढं आठवतं.

सकाळी बघतो तर आकडी नाही. टेबलाखाली नाही, खिशात नाही. कालची छत्री घेऊन एक पायलट उडूनही गेला होता. हा रोज माझी चेष्टा करायचा. "टेलर, इसमें रोटी बाँधी है क्या?"

आमचा सार्जंट पंजाबी. त्याच्यापुढं जाऊन सगळं सांगितलं. माझ्या बायकोचंही सांगितलं.

तो म्हणाला, "वायरलेसवर सांगून काय करू? तो फक्त घाबरेल. बस इथं."

बसलो. तासभर आभाळाकडं बघत होतो. मनात बायको नव्हती, आकडी होती. हे खरं तेच लिहितो.

विमान आलं. पायलट उतरला. सार्जंटनं त्याच्यासमोर छत्री टेबलावर उघडायला लावली. पुढच्या घड्या सार्जंटनंच सोडल्या. आत काही नव्हतं. पायलट म्हणाला, "रोटी भी नहीं?"

मग मला छपराचं सुचलं. आकडी तिथंच होती. तिनंच मी कार्ड गवतात टोचून ठेवलं होतं.

सार्जंटनं ते सुरतेकडच्या कारकुनाकडून वाचून घेतलं. बायकोनंच लिहवलेलं: बाजरी घरात आली. ताप आला होता, उतरला. सुट्टी मिळाली तर या.

मला पंधरा दिवस भांडी घासायची शिक्षा झाली. गपगुमान घासली.

सुट्टीत घरी गेलो, बायकोला विचारलं. ती म्हणाली, "कोपरा बकरीनी खादा. तेवढासाठे नवं कारड लिखाडू का?" ती सातपुड्याच्या पायथ्याची. तिच्या माहेरी कधी टपालच आलं नव्हतं, तिला ही रीत काय ठाऊक. मी ओरडलो तर म्हणे, "मी जित्ती शे ना? मंग?"

आता ती खरंच गेली तेव्हाही मी तसाच. पोरगा म्हणतो, बाबा, एकदा रडून घ्या. तिची लुगडी द्यायला काढली तर मी घडीवर घडी घालत बसलो, हात नसलेली आकडी चाचपत राहिला. जेवतो. मीठ कमी असलं तर कळतं.

तेव्हा दुसऱ्या दिवशी कोणीतरी कार्ड वाचलं आणि ती जिवंत निघाली. आता वाचायला काही नाही. तरी पोस्टमन गल्लीत शिरला की मी ओट्यावर येतो. स्क्वाड्रनचं पत्र त्यानं हातात दिलं, तेव्हा आधी कोपरे बघितले. चारही शाबूत होते. मग पोराकडं दिलं वाचायला.