सगळ्यात ताठ धागा

ठकठकताईचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. भोपळा घ्यायचा तो वाजवून, कुलूप लावायचं ते दोनदा ओढून. लग्नाआधी हिने नवऱ्यालाही वाजवून पाहिलं असणार, असं तिची जाऊ म्हणायची. नवरा हसायचा, पण नाही म्हणायचा नाही.

कार्बनच्या धाग्याची कृत्रिम पावलं बनवणं हा तिचा धंदा. पाऊल भट्टीतून निघालं की ती टाचेपासून चवड्यापर्यंत नाण्याने ठोकत जायची. ‘टण’ म्हणजे थर घट्ट, ‘ठप्’ म्हणजे आत कुठेतरी पोकळी.

तिचा धाकटा भाऊ रंगारी. अपघातात एक पाऊल गेलं, पण शिडी सुटली नाही, आणि शेवटच्या दोन पायऱ्या गाळून उडी मारायची खोड तर मुळीच नाही. त्याचं नवं पाऊल ताईने स्वतःच्या हाताने केलं. नाणं सगळीकडे ‘टण’ म्हणालं. भावाने ते चढवून दोन फेऱ्या मारल्या आणि तोंड वाकडं केलं. दगडावर उभं राहिल्यासारखं वाटतंय म्हणे, दबतच नाही. पण उद्या शिडीवर हेच घालणार, हेही सांगून टाकलं.

ताईच्या मनात पाल चुकचुकली. थर चिकटवणारी राळ बिघडली? भट्टी तापली जास्त? की धागेवाल्याने भलतंच रीळ गळ्यात मारलं? त्याच्यावर तिचा पहिल्यापासून संशय होता. इतकं गोड बोलणारा माणूस सरळ असेलच कसा?

तिने त्या रिळातला एक तंतू काढला, केसाहून बारीक. भिंगाखाली त्याचा फास केला आणि आवळत नेला. मोहरीएवढा होतो न होतो तोच तुटला. मग जुन्या रिळातला घेतला. तो खसखशीएवढा झाला, तरी वाकतच राहिला.

सापडला चोर! ताईने फोन लावला आणि धागेवाल्याला फैलावर घेतलं. तो मधाळ आवाजात सगळं ऐकत राहिला. मग हुबेहूब तिच्याच सुरात म्हणाला, “‘सगळ्यात ताठ असेल तोच द्या हो, माझ्या भावाच्या पायासाठी आहे.’ ताई, कोण म्हणालं होतं?”

ताईने फोन ठेवला.

नेहमीच्या धाग्यात कार्बनचे पापुद्रे चुरगळलेल्या कागदासारखे एकमेकांत अडकलेले असतात. वाकवलं तर सावरून घेतात, आणि तडा गेला तरी त्याला पुढे जायला सरळ वाट मिळत नाही. ताठ धागा त्याहून कितीतरी जास्त तापवतात. मग तेच पापुद्रे सरळ होऊन इस्त्रीच्या कपड्यांसारखे एकावर एक बसतात. ओढलं तर धागा हलत नाही, पण दाबलं की पापुद्रे घसरतात, तडा गेला तर अडवायला मध्ये कुणी नाही. मोडण्याआधी कुरकुरसुद्धा नाही. आणि हे नाण्याला कळत नाही.

दोन्ही रिळं घेऊन ती भावाकडे गेली आणि पाऊल काढ म्हणाली. त्याने डोळे बारीक केले.

“आलं लक्षात. आधी म्हणालीस शिडी सोड, मग म्हणालीस दुकान टाक. ऐकलं नाही, तर आता पायच काढून घेतेस होय?”

शपथ घेऊन उपयोग नव्हता. संशय घ्यायला तो तिच्याकडूनच शिकला होता. तिने भिंग आणि नव्या रिळातला तंतू त्याच्या हातात दिला. फास तुटला. हिने आधीच कापून आणला असेल म्हणून त्याने स्वतः दुसरा काढला. तोही तुटला. जुन्या रिळातला मात्र तुटता तुटेना.

भाऊ खाली बसला. पट्टे सोडले, पाऊल बाजूला ठेवलं.

“हे रीळ आणलं कुणी?”

“मी.”

भोपळ्याकडे बघावं तसं त्याने ताईकडे बघितलं. मग आपलं जुनं पाऊल चढवलं, तिच्या मागोमाग कारखान्यात आला आणि तिच्या कामाच्या टेबलाला स्टूल लावून बसला.

“आता नवं करशील तेव्हा मी इथेच. धागा आधी माझ्या हातात, मग तुझ्या.”

ताईने भिंग त्याच्याकडे सरकवलं.