कोणाच्या हातानं चार हात

आमचा टेम्पो म्हणजे चाकावरचं घरच. मागं बंद डब्बा, त्यात लुगड्या-पंच्यांचं कपाट, कोपऱ्यात स्टोव्हची पेटी, अन कपाट नि केबिनच्या मधात झोपायची फळी. आम्ही नवरा-बायको अड्याळ, आसगाव, लाखनी असे बाजार करत हिंडलो. ती फळीवर झोपे, मी खाली सतरंजीवर. तिले जाऊन आठ महिने झाले. टेम्पो उभाच राहिला, पत्रा गळला, फळी सडली.

पोरगा नागपूरले राहते. तो म्हणे, "बाबा, टेम्पो इकून टाकू. लाखनीचा एक जण मांगून राहिला."

"माझ्या मढ्यावरून ने," मी म्हटलं.

शेवटी तो म्हणे, "शनिवारी येतो. झोपायची जागा धड दिसली तर राहू देतो. सडक्या फळीवरून पडून तुमची कंबर मोडली, तर धावावं तर मलेच लागन ना."

मी स्वतःच कामाले लागलो. बिजागऱ्यांले तेल देलं, कपाटाले नवी कडी ठोकली, पत्र्याच्या भोकात डांबर भरलं. सडकी फळी फोडून चुलीत घातली. तिचं माप तोंडपाठ होतं. बायको गोधडी शिवताना दरवेळी म्हणे, "फळी चार हात, गोधडी चार हात." टेपवर माझा भरवसा नाही. कापडाचा धंदा केला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात, हेच आमचं माप.

लाकूड कापायच्या आरामशीनवर आंब्याची फळी निवडली, चार हात मोजून खूण केली, अन चहाले गेलो. घरी आणून बसवतो तर फळी वीतभर लांब!

मागच्या हप्त्यात पोरगा ह्याच मशीनवाल्यासंग उभा राहून बोलताना मी पाह्यला होता. माझ्या डोक्यात उजेड पडला. दोघं मिळाले. मी चहाले गेलो तवा खूण पुसून दुसरी केली. फळी बसली नाही की टेम्पो लाखनीले.

फळी खांद्यावर घेऊन तसाच परत गेलो.

"काहून बे, माझ्या पोरानं काय देल्लं तुले?"

"कायचं, काका?"

"फळी लांब कापायचं."

"तुमच्या पोरानं मले चौकटीचं लाकूड विचारलं, बस." त्यानं फळी जमिनीवर आडवी केली. "घ्या, मोजा. तुमच्याच हातानं मोजा."

मोजली. चार हात. उलट्या बाजूनं, डाव्या हातानंही मोजली. बोटभर कमी नाही की जास्त नाही.

तो हासला. "काका, माझी आई तुमच्यापासून कापड घे. बाजारात बाया म्हणत, काकी, तुमचा हात आखूड, बुढ्याले मोजू द्या. ते चार हात कोणाच्या हातानं होते?"

मी भुशातच बसलो. फळीवर झोपे ती, माप तिचंच असणार. इतकी वर्षं तिच्या बाजूले बसून कापड मोजलं, पण तिचा हात केवढा होता हे मले दाखवता येईना. एवढा म्हणून हात लांबवला, तो तसाच राहिला.

घरी जाऊन फळीच्या जागेत सुतळी ताणली, गाठ मारून आणली. ह्या बारीले चहाले गेलो नाही. डोळ्यात भुसा गेला तरी मशीनपासून हाललो नाही.

"अजून शक आहे का, काका?"

"आहे," मी म्हटलं.

शनिवारी पोरगा आला. फळीवर धपकन बसून पाह्यलं, कडी लावून-काढून पाह्यली. "झोपून दाखवा," म्हणे. झोपलो तर पाय कपाटाले अडले, गुडघे वर आले.

"बाबा, कपाट वीतभर सरकवू. फळी तुमच्या मापाची करू."

"कपाटाले हात तर लावून पाहा."

त्यानं फळीवरून हात फिरवला. "आईच्याच मापाची ठेवली," तो म्हणे. मग म्हणे, "लाखनीवाल्याले नाही म्हणून सांगतो," अन फोन काढला.

खराच लावला की नुसता कानाले धरला, कोणाले माहीत? मी खाली उतरलो अन त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो. फोनमधून त्या माणसाचा आवाज आला, "काहून जी, का झालं?" तवा कुठं मी बाजूले झालो.