सत्कारात न वाजलेली फिडल

लेक व्हायोलिनच्या गजाला राळ घासते, त्या वासाने मला ऐंशीच्या दशकातला, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला एक सत्कार आठवतो. स्कॉटलंड-आयर्लंडहून आलेल्या पूर्वजांच्या सेल्टिक चाली जपणारे दोन म्हातारे भाऊ फिडल, म्हणजे व्हायोलिनच, मांडीवर घेऊन स्टेजवर बसले होते. मेयर, पाद्री, बँकेचा मॅनेजर, सगळे ‘आपला वारसा’ म्हणत बोलत सुटले. अखेर थोरल्याने विचारलं, “आता वाजवू का?”

“नेक्स्ट इयर नक्की! आता केक कापायचाय,” मेयर म्हणाला.

“अहो, हे तर आपल्याकडचेच निघाले,” मी नवऱ्याला म्हटलं. “फक्त शाल-नारळ राहिला.”

दोघे भाऊ पार्किंगमध्ये जाऊन वाजवू लागले. ऐकायला आम्ही नवरा-बायकोच. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. आता वाटतं, बरंच झालं. आत केक चापणाऱ्यांची ते ऐकायची लायकीच नव्हती.