वहिनीचं तांदळातलं नाव

सातवीतल्या माझ्या जुन्या मैत्रिणींनो, चुका पोटात घाला. टायपिंग नवीन हाय, एकेक अक्षर हुडकावं लागतं. कार्बन लावून समद्यांना एकदमच लिहितेय.

आज वहिनीची नर्सची नोंदनी झाली! ती शिकली हुबळीला, म्हैसूर राज्यात. आपल्याकडं नोकरीला मुंबईची नोंदनी लागती. अर्ज दोनदा परत आल्ता. सर्टिफिकिटावर नाव कमल, अर्जावर संध्या. लग्नात आईच्या हट्टानं दादानं तांदळात संध्या लिहिल्तं ना! नोकरी देनारा दवाखाना ह्या महिन्यापुरताच थांबनार हुता.

मग आई सोता तालुक्याच्या कचेरीत गेली. कमल आन् संध्या एकच, असा कागद मी टाईप केल्ता. त्यावर तिनं अंगठा दिला.

साहेब हसले, "मावशी, नाव बदललं कशाला?"

"चुकलं माझं. शिकली ती कमल. संध्याला कुठं काय येतंय?"

आज कमल नावाचा नोंदनीचा कागद आला. आईनं तो देवापुढं ठेवला आन् पहिल्यांदाच हाक मारली, "कमल, चहा टाक गं. ऱ्हाऊ दे, बस तू. मीच टाकते."

वहिनी रडायलाच लागली. मी मुकी, मला बोलता येत न्हाई, पन माझा पहिला कागद कामी आला, लई बरं वाटलं.

तुमच्यातल्या लग्न झालेल्यांनो, जुन्या नावानं आता कोन हाक मारतं गं?

थांबा, गोठ्यातनं हाक आली, आमची गाय व्याली! कालवड हाय!