दादाने बसवलेला दात

माझा मोठा भाऊ कवळ्या करतो. दातांचा डॉक्टर नव्हे. डॉक्टर खालच्या मजल्यावर, हा वरच्या. खाली बोळक्या तोंडांची मापं घेतात, ती वर येतात, दादा त्यांत प्लास्टर ओततो आणि त्या पांढऱ्या जबड्यावर गुलाबी मेणात एकेक दात लावत बसतो. चार माणसांत कुणी हसलं तर हा चेहरा बघत नाही, हिरड्या बघतो. वहिनी होती तेव्हा म्हणायची, "मला पसंत केलं ते दाढा तपासूनच." तो कमी बोलतो, आणि बोलला तर मेण थंड होईल अशी सबब सांगतो.

त्याची एकुलती एक मुलगी, माझी भाची, थंडीच्या सुरुवातीला दवाखान्यात गेली ती परत आली नाही. मागे राहिली गोटी, तिची सहा वर्षांची मुलगी. गोटी रांगत होती तेव्हाच तिच्या बापाने काखा वर केल्या होत्या, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. मी बॅग भरून दादाकडे राहायला आले, कारण ह्या माणसाला साधा कुकर लावता येत नाही.

दादा रडला नाही. आठवडा झाला आणि कामावर गेला. मीही फारशी रडले नाही, खोटं कशाला सांगू? दाढ काढताना सुई देतात, तसं झालं होतं. गाल आपलाच, पण चावला गेला तरी पत्ता लागत नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं तरी आम्ही दोघं मुकाट्याने जेवायचो. "शी, खारट आहे," असं गोटीच काय ती म्हणायची.

गोटीला दादाने सांगितलं होतं की आई बरी होतेय, वेळ लागेल. मी दाताच्या कण्या केल्या. "दादा, पोरीला सांगून टाक. बाहेरून कळलं तर तुझं तोंड बघणार नाही ती."

"आज नको," तो म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मीही तो विषय काढायची बंद झाले. खरं तर मलाही ते सांगायचं नव्हतं.

आणि नेमका ह्यातच गोटीचा खालचा पुढचा दात हलायला लागला. दुसरी पोरं जिभेने ढकलून ढकलून दात पाडतात. ही तो जपायला लागली. पाव दुधात भिजवून खायची, सफरचंदाला हात लावेना. मला वाटलं, भित्री आहे. विचारलं तर म्हणाली, "आई म्हणालीय, पहिला दात पडेल तेव्हा मी जवळ पाहिजे. ती आल्यावर पाडायचा."

मी दादाकडे बघितलं. दादाने ताटाकडे बघितलं.

दात काही कुणासाठी थांबत नाही. शाळेत पाण्याच्या बाटलीचं झाकण सवयीने दातांनी उघडायला गेली आणि तो पडला. गोटी घरी आली ती ओठ घट्ट मिटून, मूठ आवळून. जेवेना, बोलेना. मी लाडीगोडी लावली, मग ओरडले, कशाचाही उपयोग झाला नाही. दादा आल्यावर तिने मूठ उघडून त्याच्यापुढे धरली आणि एकच वाक्य बोलली.

"आजोबा, तुम्ही सगळ्यांचे लावता ना? माझा लावा."

एवढ्या महिन्यांत दादाच्या अंगात जीव आलेला मी तेव्हाच पाहिला. दुसऱ्या दिवशी तो तिला कामाच्या जागी घेऊन गेला, माप घेतलं, उजेडात धरून रंग जुळवला. तिच्या दाताबरहुकूम तांदळाएवढा दात घडवला, पातळ गुलाबी पट्टीवर बसवला, पट्टीला दोन्ही बाजूंनी तार. मी कपाळावर हात मारला. "अरे, गिळेल ना पोरगी!"

"माझं काम निघत नाही," तो म्हणाला. त्यात बढाई नव्हती. त्याच्या कवळ्या खरंच निघत नाहीत.

गोटीने आरशात पाहिलं, तोंड वासून, मान इकडून तिकडे करून. खूश झाली. "आता आई आली की हा काढायचा," ती म्हणाली, "आणि तिच्यासमोर परत पाडायचा. हो ना?"

"हो," दादा म्हणाला.

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. मोठा भाऊ आहे म्हणून वाचला.

थोड्याच दिवसांत पट्टी डुगडुगायला लागली. दादाने ती घासली, तार आवळली, पुन्हा बसवली. पुन्हा डुगडुगली. एवढ्या वर्षांत त्याचं काम असं उलटून आलं नव्हतं. माप चुकलं, प्लास्टर फुगलं, असं पुटपुटत त्याने ती अख्खी नव्याने केली. तीही बसेना. एका दुपारी मी डबा घेऊन वर गेले, तर गोटीला दिव्याखाली बसवून तो पट्टी हातात घेऊन हैराण झालेला. "हिरडी तीच, साचा तोच. अडतंय कुठे?"

मी वाकून बघितलं. खिंडारात, जरा मागच्या बाजूला, हिरडीतून करवतीसारखी पांढरी कड वर आली होती. मला कवळीतलं ओ की ठो कळत नाही, पण दोन पोरं वाढवलीत.

"दादा, अरे तिला दात येतोय!"

त्याने दिवा जवळ ओढला. बघितलं. शेंबड्या पोराला कळतं ते ह्या माणसाला सुचलं नव्हतं. त्याच्या हाताखालून गेलेल्या एकाही हिरडीतून कधी काही उगवलंच नव्हतं. गेलेलं गेलं आणि त्या जागी आपण काहीतरी बसवायचं, एवढंच त्याचं आयुष्य. तो स्टुलावर बसला. बाजूच्या भांड्यातलं मेण कडेने घट्ट व्हायला लागलं, तरी उठला नाही.

"गोटी," तो म्हणाला, "तुला नवा दात येतोय. तो आपोआप येणार. थांबवता येत नाही."

"आई येईपर्यंत?"

मी मधे बोलणार होते. काय बोलणार होते कुणास ठाऊक.

"आई येणार नाही, बाळा," दादा म्हणाला. "ती दवाखान्यातच वारली. मी तुला खोटं सांगितलं."

गोटी दादाकडे बघत राहिली. रडली नाही. मला वाटलं, आता हीसुद्धा आमच्यासारखीच झाली. मग तिने दादाच्या हातातल्या पट्टीकडे बोट केलं.

"मग हा दात आता नको घालायला ना?"

"नको."

"दुखायचं त्याने."

"कधीपासून?" दादाने विचारलं.

"तुम्ही बसवला तेव्हापासून," गोटी म्हणाली. "रोज."

दादाने पट्टी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून मोठमोठ्याने रडायला लागला. खालच्या मजल्यावर ऐकू गेलं असेल. गोटी स्टुलावर चढून त्याचे हात ओढायला लागली, "आजोबा, आता नाही दुखत, आता नाही दुखत," आणि ते म्हणता म्हणता तिचाही बांध फुटला.